मंगळावरची पहिली मयत

पहिल्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. आधी हलकं, मग जरा थांबून घसा पार साफ करून. परीक्षकांच्या टेबलाशी बसलेल्या नासिरच्या हातातला कप बशीत जोरानं टेकला आणि चहा टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर सांडला. शेजारी दुसऱ्या परीक्षक दीपमालाबाई बसल्या होत्या, अमरावतीच्याच एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या. त्यांनी लगबगीनं रुमाल पुढे केला. नासिरनं नुसती मान हलवली. रुमाल घ्यायचं त्याला सुचलंच नाही. चेहरा माणूस विसरतो, नाव विसरतो, आवाज तर म्हातारपणी असा घोगरा होतो की सख्ख्या भावालाही ओळखू येऊ नये. पण खाकरण्याची ढब काही बदलत नाही, ती माणसाबरोबर सरणावर जाते. अकोल्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवून नासिर निवृत्त झाला होता. पोरांना शाळेच्या गच्चीवर नेऊन ग्रह दाखवायचं त्याला वेड होतं, आणि म्हणूनच ‘माणसाने मंगळावर वस्ती करावी’ या विषयावर अमरावतीच्या या कॉलेजानं वादविवाद भरवला तेव्हा परीक्षक म्हणून त्याला बोलावणं आलं. सकाळी एसटीत बसताना तो खुशीत होता. बायकोनं, महेजबीननं, इस्त्रीचा सदरा काढून दिला होता. मूर्तिजापूरला त्यानं शेंगदाणे घेतले आणि ते खात खात बडनेऱ्यापर्यंत तो पोरांना विचारायचे प्रश्न मनात जुळवत राहिला, तिथल्या थंडीबद्दल, पातळ हवेबद्दल, तांबड्या धुळीबद्दल. आता एका खाकरण्यासरशी ते सगळे प्रश्न उडून गेले होते.

खात्री करून घ्यायची त्याला गरज नव्हती, पण ती आपण होऊन चालत आली. श्याम नावाचा एक तरुण प्राध्यापक सूत्रसंचालन करत होता. त्यानं माईकवरून सांगितलं, की आज आपल्यात वरूडचे निवृत्त अभियंता खुशालराव बसले आहेत, धरणाच्या कामात ज्यांनी गावंच्या गावं उचलून नव्या जागी वसवली. आणि या वयात ते मुद्दाम आलेत, कारण आजची शेवटची स्पर्धक, पौर्णिमा, त्यांची नात आहे. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतला म्हातारा काठीवर भार देऊन अर्धवट उठला, मागे वळून त्यानं हात जोडले आणि पुन्हा बसला. कानात यंत्र, अंगात फिकट सफारी, गालाची हाडं वर आलेली. केवढा वाळला होता! नासिरच्या आठवणीत तो जीपमधून उतरणारा, काळा गॉगल कपाळावर चढवणारा, दंड भरलेला माणूस होता. इतक्या वर्षांनी राग शिळा होतो म्हणतात. म्हणणाऱ्यांनी बहुधा राग कधी पाळलेला नसतो. नासिरनं आपला राग गोठ्यातल्या म्हशीसारखा पाळला होता, वेळच्या वेळी वैरण घालून. निकाह झाला, नोकरी लागली, अकोल्यात दोन खोल्यांचं घर झालं, लेकींची लग्नं झाली. राग आपल्या दाव्याला होता. वरूडला तो वर्षातून एकदा जायचा, कबरीवर फातिहा पढायला, आणि परतताना गावातल्या प्रत्येक काठीवाल्या म्हाताऱ्याचं तोंड निरखून पाहायचा. तिथं कधी गाठ पडली नाही. आज तो माणूस आपल्या पायांनी चालत समोर येऊन बसला होता, आणि नासिरच्या हातात लाल पेन होता.

स्पर्धा सुरू झाली. विषयाच्या बाजूनं एक, विरोधात एक, अशी पोरं-पोरी येऊ लागली. नासिर मान हलवत होता, मध्येच आकडे टाकत होता, पण कान अर्धेच तिथं होते. एक परतवाड्याचा पोरगा ठासून म्हणाला की पृथ्वी आता फार दिवस पुरायची नाही, दुसरं घर पाहून ठेवलंच पाहिजे, आणि अकोल्याच्या मे महिन्यात जो माणूस छपराखाली राहून दाखवतो त्याला मंगळाची भीती कुणी घालू नये. सभागृह हसलं. दर्यापूरची एक मुलगी विरोधात बोलली. म्हणाली, खारपाणपट्ट्यात आमच्या गावाला गोडं पाणी देता येत नाही तुम्हाला, आणि मंगळावरचं बर्फ वितळवायला निघालात. तिलाही टाळ्या मिळाल्या. सगळे बोलत होते ते शब्द मात्र नासिरच्या ओळखीचे होते. पहिला टप्पा, दुसरा टप्पा. मूलभूत सुविधा. निवड झालेली कुटुंबं. स्थलांतर. उज्ज्वल भविष्य. पोरांना वाटत होतं हे शब्द आकाशातून आले आहेत. ते जीपमधून येतात हे नासिरला ठाऊक होतं. ते आले तेव्हा तो कॉलेजात शिकणारा पोरगा होता, आणि सावरझरी नावाचं त्याचं गाव अजून नदीकाठी होतं. पारावर बाज टाकून खुशालरावानं तिच्यावर नव्या गावाचा नकाशा पसरला होता. चार कोपऱ्यांवर चार दगड. माणसं अशी वाकली होती की जणू शाळेचा निकाल लागलाय. जो तो आपलं घर शोधत होता. मारुतीची जागा होती, पंचायतीची होती, शाळेची, स्मशानाची. मशिदीचा चौकोनसुद्धा होता, मागाहून पेन्सिलनं काढलेला. अब्बा बराच वेळ बोट फिरवत राहिले आणि मग त्यांनी अदबीनं विचारलं, “साहेब, याच्यात आमचं कबरस्तान कुठी हाये?” खुशालराव दोनदा खाकरला. “आधी तिथं जगून तं दाखवा मिया,” तो म्हणाला, “मराचं मंग पाहू.” पार हसला, बाज हसली, नकाशावरचे दगड हसले. अब्बांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि तेही हसले. साहेबाच्या विनोदाला हसायचं असतं. पुढे कळलं की तो नकाशा दुसऱ्याच एका गावाचा होता, ज्यात मुसलमानाचं एकही घर नव्हतं. त्याचाच छाप उचलून सावरझरीच्या माथी मारला होता.

दीपमालाबाईंनी त्याला हळूच विचारलं, की आता बोलणाऱ्या मुलीला प्रश्न तुम्ही विचारणार की मी. या स्पर्धेची तशी पद्धत होती: भाषण संपलं की एका परीक्षकानं एक प्रश्न विचारायचा, स्पर्धकानं लगेच उत्तर द्यायचं, आणि त्या उत्तराला भाषणाइतकंच वजन. नासिर म्हणाला, तुम्ही विचारा, शेवटच्या मुलीला मी विचारतो. बाईंनी मान डोलावली. त्यांना काय कल्पना! प्रश्न त्याच्यापाशी तयार होता. श्रावणातल्या त्या झडीपासून तयार होता. नव्या गावात घरं अजून उभी राहायची होती, टिनाच्या शेडमध्ये माणसं दाटीवाटीनं राहत होती, आणि अम्मीला ताप चढला. चढला तो उतरलाच नाही. नव्या गावातलं पहिलं मरण तिचं. बायकांनी शेडमध्ये साड्यांचा आडोसा करून तिला न्हाऊ घातलं, गुसल दिला, कफन झालं, जनाजा तयार झाला, आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागले. न्यायचं कुठं? जुन्या कबरस्तानावर, जिथं अम्मीची सासू आणि सासूची सासू शेजारी शेजारी निजल्या होत्या, तिथं धरणाचं पाणी उभं होतं. अब्बा म्हणाले, आपल्याच प्लॉटच्या कोपऱ्यात खणतो. गावातले लोक कां-कू करायला लागले. वाईट नव्हते ते, पण उद्या कुणाच्या ना कुणाच्या भिंतीला कबर लागणार होती, आणि जमीन अजून कुणाच्याच नावावर नव्हती. साहेबाला विचारा, म्हणाले. साहेब कॅम्पावर जेवत होता. पावसात जनाजा बाहेर उभा, आणि तो हात धुऊन आला, दोनदा खाकरला आणि म्हणाला, “नकाशात नाई ते मी कुठून देऊ? मंजुरी यील तवा यील.” मग कुणाचा तरी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत जनाजा, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीची चार टोकं चौघांच्या हातात, त्यातलं एक नासिरच्या. पहिल्या गावाच्या अलीकडे नाल्याला पूर होता. दुसऱ्या गावच्या लोकांनी जागा दिली, पण काळ्या मातीत खणलेला खड्डा पाण्यानं भरायचा आणि कडा आत ढासळायच्या. पुन्हा खणला, पुन्हा ढासळला. शेवटी वरूडला कबरस्तान सांभाळणाऱ्या एका अनोळखी मुतवल्लीनं, काही न विचारता, भिंतीलगत जागा काढून दिली. तोवर ताडपत्रीखालून पाणी आत गेलंच होतं. नासिरच्या हातातल्या टोकाकडूनच गेलं, की दुसऱ्या कुणाच्या, हे आजही त्याला कळलेलं नाही. पुढे नव्या सावरझरीला कबरस्तान मिळालं, फाटक लागलं, लिंबाची झाडं लागली. तिथं अब्बा आहेत. अम्मी वरूडला, परक्या माणसांत, एकटी.

तर पौर्णिमा आली. निळा पंजाबी ड्रेस, तेल लावून घट्ट बांधलेली वेणी. माईकसमोर उभी राहून ती खाकरली, एकदाच, पण नासिरला तेवढं पुरलं. पोरीचा यात काय दोष, असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. आणि लगेच त्याचं उत्तरही आलं: अम्मीचा काय दोष होता? पौर्णिमा विषयाच्या बाजूनं बोलत होती, आणि वाईट म्हणजे चांगलं बोलत होती. घसा न ताणता, हात न नाचवता. जमिनीखाली घरं कशी करायची, मातीतले विषारी क्षार धुऊन रोपं कशी जगवायची, पहिली माणसं कोण असावीत: शूर नकोत, शेजारधर्म पाळणारी हवीत. दीपमालाबाई भराभर गुण टाकत होत्या. खुशालराव काठीवर हनुवटी टेकून नातीकडे पाहत होता आणि त्याचे ओठ तिच्या शब्दांबरोबर हलत होते, म्हणजे भाषण घरी त्यानंच ऐकून ऐकून घोटून घेतलेलं असणार. ते हलणारे ओठ पाहून नासिरला इतका आनंद झाला की त्याला स्वतःची शरम वाटायला हवी होती. वाटली नाही. आता प्रश्न पडेल, पोरगी गडबडेल, वर पाहील, खाली पाहील, आणि म्हातारा बसल्या जागी समजेल. सगळ्यांसमोर समजेल. मग समारोपाला परीक्षकाचे दोन शब्द असतातच. ते कुणी अडवत नाही. त्यात नाव घेऊन सांगायचं. बाकी निकाल काय लागायचा तो लागो.

भाषण संपलं. नासिरनं माईक जवळ ओढला. आवाज शांत निघाला याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. “तुझी वस्ती वसली,” तो म्हणाला. “पाणी आहे, हवा आहे, भाजीपाला आहे. तिथं पहिलं माणूस मेलं. त्याला कुठं ठेवशील?”

मागच्या रांगांत कुणीतरी फिसकन हसलं. दीपमालाबाईंनी नासिरकडे पाहिलं. खुशालरावानं हनुवटी काठीवरून उचलली आणि एक हात कानामागे धरला. पौर्णिमा गडबडली नाही. ती जे बोलली ते घोटलेलं नव्हतं, हे ऐकणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

“सर, ती जागा सगळ्यात आधी आखावी लागेल. घरांच्याही आधी. हे मला माझ्या आजोबांनी सांगितलं. त्यांनी एक गाव वसवलं होतं, त्यात ते कब्रस्तान विसरले. एक बाई वारली, तर तिचा जनाजा भर पावसात ट्रॅक्टरवर गावोगाव फिरला. आजोबा म्हणतात, मेलेल्याला जिथं जागा नाही ते गाव नसतंच, तो नुसता मुक्काम असतो. मंगळावर मुक्काम करायचा असेल तर रॉकेट पुरे आहे. गाव करायचं असेल, तर नकाशातली पहिली रेघ तिथली.”

सभागृहात अशा टाळ्या झाल्या की श्यामला हात वर करून त्या थांबवाव्या लागल्या. हे नासिरचं होतं. हे वाक्य त्याचं होतं. इतकी वर्षं दाताखाली धरलेलं, कुणाला म्हणून न दिलेलं, महेजबीनलासुद्धा नाही. आणि ते या लोकांनी आपल्या घरी नेलं होतं, पॉलिश केलं होतं, नातीच्या हाती दिलं होतं. त्याची अम्मी एका बक्षिसाच्या उत्तरात जाऊन बसली होती, कफनासकट, दिलेल्या वेळेत. म्हाताऱ्यानं पस्तावा केला असेल तर तोही स्वतःच्या सोयीनं केला होता. विसरले म्हणे! पारावर अब्बांनी अदबीनं विचारलेलं, त्यावर बाजेभोवतीचं ते हसणं, टोपी काढून पुन्हा घालणं, सगळं त्या एका ‘विसरले’त धुऊन काढलं होतं. विसरणं हा काही गुन्हा नाही, विसरतं कुणीही. नासिरला वाटलं होतं की शत्रू निर्ढावलेला निघाला तर संताप होईल. तो पस्तावलेला निघाला याचा संताप त्याहून जास्त होता. त्यानं पुन्हा माईक ओढला. एकच प्रश्न विचारायचा असा नियम होता, हे त्याला ठाऊक होतं.

“त्या बाईचं नाव काय होतं?”

पौर्णिमानं आजोबांकडे पाहिलं. सगळ्या सभागृहानं पाहिलं. खुशालराव काठीच्या मुठीकडे बघत होता, आणि त्याची मान वर येत नव्हती. “माहीत नाही, सर,” ती म्हणाली. दीपमालाबाई माईकवर हात ठेवून कुजबुजल्या, की सर, हा प्रश्न विषयाला धरून नाही. नासिर म्हणाला, बरोबर आहे, धरू नका. मग त्यानं लाल पेन उघडला. शून्य द्यायचं त्यानं ठरवलं होतं, आणि हात थांबला. दया म्हणून नाही. दया त्याच्या आसपासही नव्हती. पण आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेला माणूस तो, बरोबर उत्तरावर फुली मारणं त्याच्या हातून होईना. उत्तर बरोबर होतं. मंगळाबद्दल त्या दिवशी तेवढं एकच खरं बोललं गेलं होतं. त्यानं पूर्ण गुण दिले आणि ते देताना त्याचा जबडा दुखत होता. समारोपात तो जेमतेम तीन वाक्यं बोलला, पोरं चांगली बोलली वगैरे. पौर्णिमाचा पहिला नंबर आला. ढाल त्याच्याच हातून द्यायची होती. ती वाकून पाया पडायला लागली तेव्हा तो झटकन मागे सरला, आणि लोकांना ते मोठेपणाचं वाटलं.

व्हरांड्यात तो चपला घालत असताना मागून काठीचा आवाज आला. खुशालराव नातीच्या आधारानं येत होता. तिच्या दुसऱ्या हातात ढाल. जवळ येऊन तो खांबाला टेकून उभा राहिला. खाकरला नाही.

“सर, तुमी सावरझरीचे का?”

“हो.”

“ते बाई तुमची कोन होती?”

“आई.”

म्हाताऱ्याचा खांबावरचा हात थोडा घसरला. तो काही बोलणार, त्याआधीच नासिर म्हणाला, “अन् इसरले नव्हते तुमी, खुशालराव. आमच्या अब्बांनी इचारलं होतं तुमाले. तुमी हासले होते.” साहेब हा शब्द त्याच्या तोंडात आलाच नाही. पौर्णिमा आजोबांकडे पाहायला लागली. कॉलेजच्या आवारात पोरं मोटारसायकली सुरू करत होती, कुणीतरी तिला लांबूनच अभिनंदन म्हणत होतं, आणि तिचं लक्ष नव्हतं.

“हो,” खुशालराव म्हणाला, तिच्यादेखत. “हासलो होतो. पोरीले तेवढं सांगाची हिंमत नाई झाली.” मग त्यानं काठी काखेत धरली आणि हात जोडले. “सर, रोज सकाळी देवापुढं हात जोडतो तवा घरच्यायचे नावं घेतो एकेक. त्या बाईसाठी बी जोडतो. नाव मालूम नाई, तं ‘ते बाई’ म्हन्तो. तवा इचारलंच नाई मी कोन गेलं म्हून. मंग इचाराची लाज वाटे. आता माह्यं काई खरं नाई, डॉक्टरनं सांगतलं. नाव सांगा मले. तेवढं एक डाव बराबर घेतो अन् जातो.”

नाव नासिरच्या जिभेवर येऊन उभं राहिलं. शेतातून परतताना अब्बा लांबूनच त्या नावानं हाक मारायचे, तेव्हा मधल्या अक्षरावर त्यांचा आवाज चढायचा. वरूडच्या त्या भिंतीलगत दगड नव्हता, त्यावर अक्षरं नव्हती. गावातली तिच्या वयाची माणसं गेली. लेकींनी तिला पाहिलं नव्हतं, त्यांच्यासाठी ती नुसती दादी. ते नाव आता जवळजवळ नासिरच्या एकट्याच्या तोंडात उरलं होतं. एक शब्द. तो दिला की या म्हाताऱ्याचं सगळं साधणार होतं; सकाळी देवापुढे तो ते नीट उच्चारणार होता, घरच्यांच्या नावांत बसवणार होता, आणि एक दिवस हलका होऊन डोळे मिटणार होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर नासिरला सोपं गेलं असतं, कदाचित तोंडावर नाव फेकून तो निघून गेला असता.

“‘ते बाई’च म्हना,” तो म्हणाला. “आतापर्यंत म्हनत आले. तसंच म्हनत राहा.”

खुशालरावानं हात जोडले होते ते तसेच राहिले. नासिर पायऱ्या उतरला. मागून पौर्णिमा एकदा “सर” म्हणाली, पण तो वळला नाही. फाटकापाशी त्यानं ऑटो केला, स्टँडवर अकोल्याची गाडी लागलेलीच होती, खिडकीची जागा मिळाली. त्याला भूक लागली होती. केळी घेऊन त्यानं ती चवीनं खाल्ली. छातीत मोकळं वाटत होतं, श्वास पार खालपर्यंत जात होता, असा कैक वर्षांत गेला नव्हता. हे बरं नाही, हे त्याला कळत होतं; भल्या माणसाला अशा वेळी वाईट वाटतं, निदान थोडं, निदान उशिरा. बडनेरा गेल्यावर वाटेल असं त्याला वाटलं. मग मूर्तिजापूर गेलं. दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती आणि उन्हं तिच्यावर तिरपी झाली होती. तो खिडकीला डोकं टेकून वाईट वाटायची वाट पाहत राहिला. अकोला आलं, तरी त्याला बरंच वाटत होतं.